मागचा लाल दिवा

३ नोव्हेंबर

पहाटेची पहिली बस बंद! थांब्यावर कागद चिकटवलाय, प्रवासी नाहीत म्हणे. मग आम्ही रोज उभे असतो ते कोण? मी, तो रखवालदार, आणि खांबाला टेकून घोरणारे ते आजोबा. तीन डोकी म्हणजे प्रवासी नव्हेत वाटतं.

दुसरी बस पाच पस्तीसला. माझी पाळी साडेपाचला. म्हणजे हॉस्पिटलच्या लाँड्रीत पोचेपर्यंत सहा, आणि दारात घड्याळबाई. (खरं नाव वेगळं आहे, पण मनगटावर एक, गळ्यात एक आणि टेबलावर एक असं असल्यावर दुसरं काय म्हणणार.) ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, “महिन्यात तीन उशीर झाले की पाळी बदलते. नियम मी नाही केला.” आजचा एक लागला.

पाळी बदलली तर दुपारी दोन ते रात्री दहा. मग तीन वाजता व्यायामवाल्या बाई आल्यावर घरी कोण? नणंदबाई सकाळी ह्यांच्याजवळ बसतात, पण बाराला त्यांना शिवणाच्या दुकानात जावं लागतं. बाईंना दुसरी वेळ मोकळी नाही. आणि डॉक्टरांनी तर तोंडावर सांगितलंय — पक्षाघाताचा झटका आल्यानंतरचे पहिले सहा महिने महत्त्वाचे. त्यात जेवढं परत येईल तेवढं आपलं. चौथा महिना चालू आहे.

पाळी सुटता कामा नये. एवढंच.

४ नोव्हेंबर

ह्यांची सायकल जिन्याखालून बाहेर काढली. चार महिन्यांची धूळ. हवा भरली, साखळीला तेल दिलं, सीट पार तळाला नेली तेव्हा कुठे माझे पाय टेकले. मागचं कॅरियर रंगाचे डबे वाहून वाहून कधीच मोडलंय. घंटा मात्र ठणठणीत.

लग्नाआधी चालवलेली, ती आज. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, पडले नाही. नणंदबाई खालच्या मजल्याच्या दारातून बघत होत्या. “वहिनी, ब्रेक दाबायचा असतो. त्याच्याकडे बघत बसायचं नसतं.” हसायला लागल्या आणि मग स्वतःच आत जाऊन सायकलचं कुलूप घेऊन आल्या. त्यांचं जुनं, पडून होतं. बरं वाटलं फार.

आता प्रश्न दिव्यांचा. पहाटे पावणेपाचला निघायचं म्हणजे काळोख. गोदामांपासून पुलापर्यंत रस्त्यावर एक दिवा नाही. सायकलला तर पुढे नाही, मागे नाही.

५ नोव्हेंबर

घरातली विजेरी नाडीने हँडलला बांधली. पहिल्याच खड्ड्यात तिने मान टाकली. पुढचा सगळा रस्ता माझ्या पायातले बूट लख्ख दिसत होते, बाकी काही नाही! पण पोचले पाच अठ्ठावीसला. घड्याळबाईने तिन्ही घड्याळं पाहिली.

७ नोव्हेंबर

फुटपाथवर दिव्यांची जोडी मिळाली. पांढरा आणि लाल. इतकी स्वस्त की मी घासाघीससुद्धा केली नाही, विकणाराच दचकला. रबरी पट्टीने बसतात, नखाएवढं बटण. चला, सुटले.

१० नोव्हेंबर

कसली सुटले. आज दाट धुकं होतं. त्या ओलीने गोदामांपाशी दोन्ही दिवे एकदम गेले. हलवले, फुंकले, पुसले, शिव्या दिल्या. शेवटी सायकल हातात धरून पुलापर्यंत चालत गेले. सात मिनिटं उशीर. दुसरा लागला.

महिना संपायला वीस दिवस. आता एकही नाही.

चादरी घड्या करताना जोडीदारणीला सांगितलं. आम्ही दोघी बारा वर्षं एकाच चादरीची दोन टोकं धरतोय. तिला तोंड उघडायच्या आत कळतं. म्हणाली, “स्वस्तातलं घेतलंस ना? आता नीट चौकशी करून घे.” आणि माझ्या वाट्याच्या उशांच्या खोळी स्वतःच उचलून नेल्या. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय.

११ नोव्हेंबर

सायकलच्या दुकानात गेले. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं ह्यांची. वीस वर्षं झाली असतील. पाटीचा निळा रंग पार उडालाय पण अक्षरं अजून उभी आहेत. सायकलवाल्याने सायकल बघितली, मग माझ्याकडे. “ही तर पेंटरची. कसे आहेत ते?” म्हटलं, उजवा हात गेलाय, जीभ वळत नाही. डोकं शाबूत आहे. “म्हणजे जास्तच त्रास,” म्हणाला. खरं बोलला.

तासभर दिवे दाखवत होता. घेणार नाही हे त्याला दिसत होतं तरी! एक — चार्जिंगचा जोड. काचेसारखा लख्ख प्रकाश, किंमत बघून हात मागे घेतला. दोन — डायनॅमो. चाकाला घासून चालतो, सेलचा खर्च नाही. पण चढावर जड जातं आणि सायकल थांबली की दिवा थांबतो. तीन — सेलवरचा जोड. किंमत मधली, पावसापाण्याला रबराचं बूच. पण सेल सारखे बदला.

मी विचारलं, पैसे कमी असले तर एकच कुठला घेऊ? वाटलं पुढचा म्हणेल. म्हणाला, “मागचा. पुढचा तुम्हाला रस्ता दिसायला. मागचा तुम्ही दिसायला. खड्ड्यात पडून माणूस उठतं, ताई.”

पुढचं मला ऐकायचं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

आज नशीब बघ! वॉर्डांतल्या यंत्रांचे सेल ठरलेल्या दिवशी बदलावेच लागतात, संपलेले असोत नसोत. वायरमन काढलेल्यांची पेटी घेऊन लाँड्रीवरून जात होता. मी सहज विचारलं, ह्या सेलांचं पुढे काय होतं? “भंगारात. अर्धे भरलेले असतात पण नियम.” मी सायकलचं सांगितलं. त्याने साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले न्या की. मूठभर सेल ॲप्रनच्या खिशात!

म्हणजे सेलवरचा जोड. ठरलं. आयुष्यात एवढा विचार करून मी नवरासुद्धा निवडला नव्हता.

१३ नोव्हेंबर

घेतला. पूर्ण जोड, पुढचा आणि मागचा. सायकलवाल्याने लाल दिवा स्वतः बसवून दिला. कॅरियर नाही म्हणून सीटखालच्या दांड्याला आवळला. बसवायचे पैसे घेतले नाहीत. पाटीकडे बोट दाखवलं फक्त. मला तिथेच रडू येईल की काय असं झालं, म्हणून उगीच घंटा वाजवून बघितली.

घरी आल्यावर ह्यांना खिडकीतून दाखवला. गल्लीत सायकल उभी करून बटण दाबलं. लाल! कितीतरी वेळ बघत होते. मान हलवली, म्हणजे चांगला आहे.

१४ नोव्हेंबर

हे लिहायलाच हवं.

थंडी वाढलीये. माझ्या स्वेटरने भागेना म्हणून ह्यांचा कामाचा कोट घातला. तोच, सगळीकडे रंगाचे डाग असलेला, ह्यांच्या गुडघ्याएवढा आणि माझ्या पोटऱ्यांपर्यंत. ऊब अशी की विचारू नको. टर्पेंटाइनचा वास अजून आहे.

दिवे लावले, सायकलवर बसले, निघाले. चार पावलांवर वरून टक टक टक. बघते तर हे खिडकीत उभे! पहाटे पावणेपाचला! चार महिने ज्या माणसाला सकाळी आठला उठवताना नणंदबाईंच्या नाकीनऊ येतात, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, तो स्वतः उठून, भिंत धरून खिडकीपर्यंत आला आणि मला निरोप द्यायला काच वाजवतोय. मी हात हलवला. त्यांनी परत वाजवली. मी परत हलवला. रडतच गेले हॉस्पिटलपर्यंत. चांगलं रडू होतं ते.

पाच सव्वीस.

१५ नोव्हेंबर

आजही खिडकीत. टकटक. मी हात हलवला.

१७ नोव्हेंबर

रोज उठतात! व्यायामवाल्या बाईंना सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. “उठायला कारण मिळालं त्यांना. हे आमच्या व्यायामाने होत नाही.” बस बंद करणाऱ्याचे आभार मानावेत असं वाटायला लागलंय.

बाईंनी आज पुन्हा पाटी-पेन्सिल पुढे केली. डाव्या हाताने प्रयत्न करा, नुसत्या रेघा ओढा. ह्यांनी पाटी उलटी करून ठेवली. अक्षरांचा छापील तक्ता आणला होता, नुसतं बोट ठेवायचं. तोही ढकलला. बाई मला म्हणाल्या, हट्टी आहेत. मी काय सांगणार. ज्या माणसाने एक मात्रा जरा तिरकी गेली म्हणून अख्खी पाटी पुसून पुन्हा रंगवली, गिऱ्हाईक नको नको म्हणत असताना, त्याला तुम्ही वाकड्या रेघा ओढायला सांगताय. हॉस्पिटलमधली ‘धुलाई विभाग’ ही पाटीसुद्धा त्यांचीच आहे. मी रोज तिच्याखालून आत जाते.

डॉक्टर म्हणाले होते, लिहू शकतील. लिहितील तेव्हा लिहितील. मी घाई करणार नाही. पण एकदा तरी कळावं, दिवसभर त्या खुर्चीत बसून काय विचार करतात.

१९ नोव्हेंबर

कोटावरून काहीतरी बिनसलंय. आज निघताना ह्यांनी डाव्या हाताने कोटाचा खालचा काठ धरला, ओढला, सोडेनात. तोंडाने नुसतं अँ अँ. मी म्हटलं, “थंडी आहे हो, परत आणून ठेवते.” मान जोरात नाही नाही. मग दाराकडे बोट, मग कोटाकडे. उशीर व्हायला लागला. सोडवून घेतला आणि निघाले. वर काच वाजत होती, आज जरा रागाने. मी हात हलवला.

वाईट वाटलं आधी. चार महिने खुंटीवर लोंबत होता तो कोट, आणि मी घातल्यावर आठवला! मग पुलावर सुचलं. दाराकडे बोट केलं ना. म्हणजे त्यांनाच कोट घालून बाहेर जायचं असेल! असं असेल तर यापेक्षा चांगलं काय. संध्याकाळी त्यांना घालून दिला, गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. आले मुकाट्याने. पण खूश दिसले नाहीत.

२१ नोव्हेंबर

पाच पंचवीस. घड्याळबाई म्हणाली, “सायकल लाभलेली दिसते.” तिच्या तोंडून म्हणजे मानपत्रच.

२२ नोव्हेंबर

पुलावर पावाची गाडी. मागून आली ती थेट माझ्या कोपराला घासून गेली. कठड्याला आदळले. गुडघा सोलला. गाडी पुढे जाऊन थांबली, माणूस उतरून पळत आला. चेहरा पांढरा. “ताई, लागलं का? मागे दिवा लावा की हो. अगदी जवळ येईपर्यंत दिसला नाहीत.”

मी म्हटलं, “लावलाय!” सायकल कठड्याला टेकलेली होती, वळवून दाखवली. लाल दिवा चालू. तोही गोंधळला. म्हणाला, “आता दिसतोय. मगाशी नव्हता.” जबरदस्तीने एक पाव हातात दिला, गरम. मी उभ्या उभ्या खाल्ला. भला माणूस, पळून गेला नाही.

पाच एकोणतीस. एक मिनिट राखून.

घरी पडले असं सांगितलं, गाडीचं नाही सांगितलं. हे गुडघ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा तो कोट ओढायला लागले. मी म्हटलं, उद्या बोलू.

२४ नोव्हेंबर

आज दुधाची गाडी. घासली नाही, पण शेवटच्या क्षणी वळली आणि असा हॉर्न दिला की मी उतरून बाजूलाच झाले. दिवा बघितला. चालू! रोज बघते, निघताना बघते, पोचल्यावर बघते, चालूच असतो. मग लोकांना दिसत कसा नाही?

जोडीदारीण म्हणाली, “मिणमिणता असेल. स्वस्तातला तो स्वस्तातलाच.” अर्धवट सेलांचाही दोष असेल. फुकटचं ते असंच निघायचं. पण वायरमनने किती आपुलकीने दिले होते, त्याला कसं सांगू.

आज पहिल्यांदा भीती वाटली. माझ्यासाठी नाही. मला काही झालं तर ह्यांचं कोण करील, ही.

२५ नोव्हेंबर

दुपारी सायकल घेऊन दुकानात. सायकलवाल्याने दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या भागात नेऊन दिवा लावला, लांब जाऊन बघितला, सेल मीटरने मोजून बघितले. “ताई, चांगला चालतोय हा. शंभर पावलांवरून दिसायला हवा.” मी म्हटलं, दिसत नाही, दोन गाड्या अंगावर आल्यात. त्याने मोठा चार्जिंगचा दिवा काढला, तोच काचेसारखा, आणि परत आत ठेवला. “विकायचा तर विकतो. पण ह्यात दोष नसताना तुम्हाला खर्चात कसं घालू?” दुकानदार असून! दोन दिवस बाजूला ठेवायला सांगून आले.

हिशेब सरळ आहे. व्यायामवाल्या बाईंच्या चार फेऱ्या म्हणजे तो दिवा.

२६ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. लपवून काय करू. समोर बसले, पावाची गाडी, दुधाची गाडी, सगळं सांगितलं. म्हटलं, मागचा दिवा अंधुक आहे, तो बदलल्याशिवाय मी पुलावरून जाऊ शकत नाही आणि गेले नाही तर पाळी जाईल. बाईंच्या चार फेऱ्या चुकवू. डिसेंबरात भरून काढू. रागावू नका.

त्यांनी डावा हात टेबलावर आपटला. इतक्या जोराने की भांडं खाली पडलं. मग परत. अँ अँ अँ. कपाळावरची शीर ताठ. मी म्हटलं, कळतंय मला, तुमचे महिने चाललेत, मला कळत नाही का? मलाच सगळं कळायला हवं आणि तुम्ही एक रेघ ओढायची नाही!

बोलून गेले. चार महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढवला. हे भिंतीकडे तोंड करून झोपले.

वाईट वाटतंय. तरी देवा, आभार. नणंदबाई काही न विचारता जेवण घेऊन आल्या. सायकलवाला खोटं बोलला नाही. पाववाला पळाला नाही. गुडघा भरून येतोय. उद्या सुट्टी आहे, दुपारी जाऊन दिवा घेऊन येते. वही पिठाच्या डब्यामागे ठेवते आणि झोपते.

२७ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितोय.

नवा दिवा घेऊ नकोस. आहे तो चांगला आहे. तू सीटवर बसलीस की कोट मागे लोंबतो आणि दिवा झाकतो. उतरलीस की दिसतो. रोज खिडकीतून बघतो. तू बसतेस आणि लाल विझतं. मी काच वाजवतो. तू हात हलवतेस.

कोट खालून काप.

मागची पानं वाचली नाहीत. अक्षर घाण आलंय. हे पान फाडू नकोस.